दगाभाऊचा सरळ उजेड

दगाभाऊ फोटोवाल्याने तुमच्या तोंडावर फ्लॅश सरळ मारला, तर समजायचं की तुम्ही मेलात. ऐंशी-नव्वदच्या काळात धुळ्यात हे सगळ्यांना माहीत होतं. जित्या माणसावर तो सरळ उजेड टाकायचाच नाही. लग्नात फ्लॅशचं तोंड वर, मांडवाच्या छताकडे. उजेड वर कापडावर आपटायचा आणि मऊ होऊन खाली पडायचा. सरळ उजेड फक्त मयताला.

आणि मयताशी तो बोलायचा. "हालू नका हां, आबा."

मी मांडववाला. तिसरीत शाळा सोडली. बांबू आणि कापड सोडून मला फार कळत नाही. पण याच्यासोबत वीस वर्षं लग्नांमधून फिरलो, म्हणून लिहितो.

त्या काळी खेड्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्यांचा उभ्या जन्मात एक फोटो नसायचा. मेल्यावर घरच्यांना आठवण व्हायची. मग तिरडी बांधायच्या आधी कोणीतरी दगाभाऊला घ्यायला यायचं. मयताला खुर्चीत बसवायचं, छातीशी उपरणं बांधायचं म्हणजे पुढे कलत नाही, डोक्यावर टोपी, दोन्ही बाजूंना मुलं-सुना. पिंपळनेरकडे मी मांडवाचं माप घ्यायला गेलो होतो, दगाभाऊ सोबत होता, तिथेच त्याला असं बोलावणं आलं. मीही गेलो. जायला नको होतं.

बायांचं रडणं थांबलं. फ्लॅश भरताना बारीक शिटी वाजते, ती चढत गेली. "हालू नका हां, आबा." आबा काय हालणार, पण आम्ही वीस माणसं श्वास धरून उभी. उजेड पडला आणि म्हाताऱ्याची सावली मागच्या भिंतीवर उभी राहिली. खुर्चीतल्या माणसापेक्षा मोठी. उजेड गेल्यावरही ती मला तिथेच दिसत होती.

परतीच्या एस.टी.त मी विचारलं, "मेलेल्याला कशाला सांगतोस हालू नका म्हणून?"

"जित्यांना सांगून उपयोग नाही, नाना. ते हालतातच."

यामुळे लग्नात म्हातारे त्याला टाळायचे. तो पंगतीत एखाद्यापाशी थांबायचा, मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, "आबा, तुमचा एकही फोटो नाही ना?" आबा वरणबट्टी टाकून उठायचे.

चोपड्याला तर कहर झाला. फ्लॅशचा स्क्रू ढिला होता. ऐन वेळी तोंड खाली पडलं आणि नवरदेवाच्या मामाला सरळ उजेड लागला. मामा मटकन खाली बसला. पाणी मागितलं. केळीची बाग धाकट्याला द्यायची, असं भर मांडवात चार लोकांसमोर सांगून टाकलं. मामा पुढे बारा वर्षं जगला. त्या बागेवरून त्याची पोरं अजून भांडतात.

आमचं भांडण कापडावरून. सोनगीरच्या लग्नात मी नवं हिरवं छत लावलं. दगाभाऊ वर बघून म्हणाला, "नाना, बठ्ठा हिरवा शे. सगळा उजेड हिरवा पडेल. पांढरं लाव."

"लग्न आहे, पांढरं कशाला लावू?"

त्याने हट्टाने उजेड वरच मारला. अल्बम आला. नवरी हिरवी, नवरदेव हिरवा, भटजी हिरवा. अख्खं वऱ्हाड विहिरीतून गळ टाकून काढल्यासारखं. नवरीची आजी अल्बम बघून देवघरात जाऊन बसली. नवरीचा बाप त्याला म्हणाला, "अरे, सरळ मारायचा होता की." दगाभाऊ म्हणाला, "वऱ्हाड जितं होतं, पाटील." पाटलाने अल्बम त्याच्या अंगावर फेकला. पण पुढच्या लग्नातही फ्लॅशचं तोंड वरच.

माझी बायको इंदू. मांडवाच्या झालरी तीच शिवायची. हजार लग्नांची झालर तिच्या हातची, पण ती एकाही फोटोत नाही. मांडववाल्याच्या बायकोला स्टेजवर कोण बोलावतं? मीही कधी बोलावलं नाही. मग ती पोटाच्या दुखण्याने पडली. दीड वर्ष. माझ्या मनात तेव्हापासून एकच घोर. ही गेली तर हिचं तोंड मी कुठे बघू?

दगाभाऊ भेटायला आला तर ती आतून म्हणाली, "त्याला सांगा, पिशवी बाहेर ठेव म्हणावं. माप घ्यायला आला असेल."

"वहिनी, फक्त चहा प्यायला आलो."

"चहा मिळेल. फोटो नाही. आता या तोंडाचा काय फोटो काढायचा?"

तिने काढू दिला नाही. एका सकाळी गेली.

दगाभाऊ आला. इंदूला खुर्चीत बसवलं होतं, डोक्यावर पदर. गाल आत गेलेले, कानशिलात खड्डे. त्याने फ्लॅश सरळ धरला. शिटी चढली. माझ्या घरात ती शिटी मला ऐकवेना. "हालू नका हां, वहिनी." उजेड पडला. मग त्याने फ्लॅशचं तोंड बाजूला, चुन्याच्या भिंतीकडे फिरवलं आणि आणखी एक मारला. या वेळी काही बोलला नाही.

मला राग आला. म्हटलं, जित्या माणसाचा खेळ मेलेल्यावर कशाला? पण तेव्हा भांडायला अंगात जीव नव्हता.

तेराव्यानंतर तो दोन पाकिटं घेऊन आला. पहिल्यात इंदू गोल तोंडाची, गाल भरलेले. तिच्या बहिणी म्हणाल्या, बघ, कशी सुखात गेली. फोटो भिंतीवर चढला. त्या उठून गेल्यावर त्याने दुसरं पाकीट माझ्या हातात दिलं.

त्यात ती होती. कानशिलातले खड्डे, वाळलेला ओठ. दीड वर्ष मी जे तोंड ओल्या फडक्याने पुसलं, तेच.

"सरळ उजेडात सावली पाठीमागे पडते, नाना," तो म्हणाला. "तोंडावरचे खड्डे भरून निघतात. दुखणं दिसत नाही. घरच्यांना बरं वाटतं. म्हणून मयताला सरळ मारतो."

"मग हा दुसरा?"

त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी माझ्या बायकोचाही सरळच काढला होता."

त्याला बायको होती, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. धुळ्याला येण्याआधीच वारली होती. क्षयाने.

"लोक म्हणाले, काय सुंदर आला. रोज बघतो. बाई छान शे. पण ती कोण शे, ते मला कळत नाही."

मी विचारलं, "कशी होती दिसायला?"

त्याला सांगता येईना. मग त्याने इंदूच्या फोटोत कानशिलावर बोट ठेवलं. "तिला इथंच खड्डा होता," तो म्हणाला.

फोटोवर बोट ठेवलं की डाग पडतो. दगाभाऊ उठत नव्हता आणि बोटही उचलत नव्हता. मी ठेवू दिलं.