पुढचं टायर अजून माझं झालेलं नाही

माणसाने आयुष्यात काय करावे यावर आजवर बरेच लिहिले गेले आहे. पण ते करण्यापूर्वी तयारी किती करावी, या मूलभूत प्रश्नाकडे समाजाचे अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे. त्यामुळे आज कितीतरी लोक कसलाही विचार न करता सायकलवर बसतात आणि थेट कुठेतरी जाऊन पोचतात. ही बाब चिंताजनक आहे.

आमचा दादा त्यांच्यातला नाही, हे मी धाकटा भाऊ म्हणून अभिमानाने नमूद करतो. डोंगरात चालवायची सायकल त्याने घेतली त्याला रीतसर कारण होते. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, नोकरीसाठी दूरच्या शहरात जाणार हे नक्की झाले होते. लहान असताना ती त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायची आणि वर काय आहे म्हणून विचारायची. "मोठी झालीस की जाऊ," असे दादा सांगायचा. दरम्यान ती मोठी झाली (हे दादाच्या जरा उशिराच लक्षात आले). तेव्हा ती जाण्याआधी बापलेकींनी आपापल्या सायकलीवरून माथ्यापर्यंत जायचे, असा ठराव जेवणाच्या टेबलावर एकमताने संमत झाला. मी अनुमोदन दिले.

दुकानातून सायकल आली ती चालवण्याजोगी होती. हाच तिचा मुख्य दोष.

"ही कुणीही चालवेल," दादा तिच्याभोवती फिरत नाक मुरडून म्हणाला. "माझी म्हणावी असं हिच्यात काय आहे?"

तेव्हा सर्व सुटे भाग वैयक्तिक पसंतीनुसार नव्याने निवडायचे ठरले. वैयक्तिक पसंती ही अत्यंत वैयक्तिक बाब असल्यामुळे ती बऱ्याच लोकांना विचारून ठरवावी लागते. दादा फोनवरच्या एका तज्ज्ञांच्या गटात सामील झाला. या गटातल्या ऐंशी टक्के सभासदांनी डोंगर पाहिलेला आहे, आणि त्यांतल्या निम्म्यांनी तर तो फोटोत नव्हे, प्रत्यक्ष पाहिला आहे. टायरमध्ये हवा किती असावी यावर तिथे दोन तट आहेत व ते एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत.

चाचणीची कार्यपद्धती अशी. मार्ग: आमच्या फाटकापासून दातांच्या डॉक्टरांसमोरच्या गतिरोधकापर्यंत आणि परत. (डोंगर मुद्दाम वगळला होता. न तपासलेले भाग डोंगरावर नेणे बेजबाबदारपणाचे, आणि तपासून पसंत पडलेले नेले तर ते झिजतात.) निरीक्षक: अस्मादिक. गतिरोधकावरून येताना दादाच्या चेहऱ्यावर काय दिसते ते पाहणे, हे माझे काम. बहुतेक वेळा त्याच्या चेहऱ्यावर गतिरोधक दिसे.

नियम एकच होता: एका वेळी एकच भाग बदलायचा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते. शास्त्राला धरूनच आहे हे. आता हँडल बदलले की पाठीचा बाक बदलतो, म्हणून सीटचा आधीचा निकाल आपोआप रद्द होतो. सीट नवी आली की पाय पेडलवर वेगळे पडतात, सबब पेडलची फेरचाचणी. पेडल बदलून दादा गतिरोधकावरून परत आला की म्हणायचा, "हँडल जरा रुंद वाटतंय रे." चाकाचा शोध कुणी लावला ते मला माहीत नाही, पण त्या माणसाने आधी सुटे भाग निवडायला घेतले असावेत.

हँडलच्या मुठींची चाचणी दिवाणखान्यात झाली. नजरेचा पूर्वग्रह आड येऊ नये म्हणून दादाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. मी एकेक मूठ त्याच्या हातात देत गेलो. पहिली त्याला निर्जीव वाटली, दुसरी उथळ. तिसरी हातात येताच त्याचा चेहरा उजळला.

"ही! हीच ती!" तो म्हणाला. "बघ, कशी हाताशी बोलतेय. कुठल्या कंपनीची आहे?"

"फरशी पुसायच्या दांड्याची आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमचं बोलून झालं असेल तर द्या इकडे, स्वयंपाकघर राहिलंय."

हा निकाल गोपनीय ठेवण्यात आला. मात्र वहिनींनी त्याच रात्री ताटे वाढताना एक मुद्दा उपस्थित केला.

"मला बघायला आलात तेव्हा हो म्हणायला तुम्हाला चहा गार होईपर्यंतही वेळ लागला नव्हता."

"तेव्हा एवढे पर्याय नव्हते ना," दादा प्रामाणिकपणे म्हणाला. त्यानंतर त्याला भाजी स्वतःच्या हाताने वाढून घ्यावी लागली.

पुतणी या काळात दर आठवड्याला चौकशी करत असे. तिची स्वतःची सायकल शाळेत असतानाची, गंजलेली, पुढचा ब्रेक नावापुरता. तिच्यावर एकही चाचणी झालेली नव्हती, त्यामुळे ती रोज वापरात होती.

"बाबा, या रविवारी जायचं ना?"

"अगं, जाऊ की. पण पुढचं टायर अजून माझं झालेलं नाही."

"मग पुढच्या रविवारी?"

"ते शॉकअप किती मऊ पडतात त्यावर आहे. तू घाई नको करूस. मला तुझ्यासोबत जायचंय ते नीट जायचंय."

हे तो मनापासून म्हणत होता. मी साक्षीदार आहे. माझ्या दादाइतके लेकीवर प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही; त्या प्रेमापोटीच तर त्याने तीन प्रकारचे ब्रेक मागवले होते.

मग तिच्या जाण्याआधीचा शेवटचा रविवार आला. दादा पहाटेच उठून तयार झाला होता. हेल्मेट, हातमोजे, पाठीवर पाण्याची पिशवी. सायकल अशी झळकत होती की तिच्यावर बसायला संकोच वाटावा. पुतणी फाटकाबाहेर एक पाय जमिनीवर टेकवून उभी होती. दादाने ब्रेक एकदा दाबून पाहिला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"बोटाला लांब पडतोय जरासा," तो म्हणाला. "थांब हं, आलोच."

त्याने पाना काढला. ब्रेक जवळ आणला तर गिअरचा खटका अंगठ्याला लागेना. खटका सरकवला तर मूठ आखूड वाटू लागली. मूठ काढली. गटाला फोटो पाठवला. गट रविवारी सकाळी जागाच असतो (डोंगरावर कुणीच गेलेले नसते), त्यामुळे उत्तरे भराभर आली आणि त्यांतली कुठलीही दोन जुळली नाहीत. ऊन फाटकावरून अंगणात उतरले. पुतणीने टेकलेला पाय दोनदा बदलला. मी निरीक्षक असल्यामुळे काही बोललो नाही, आणि याचे मला अजून वाईट वाटते.

"बाबा, राहू दे," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "तू कर तुझं सावकाश. मी जाऊन येते."

दुपारी ती आली तेव्हा गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली होती. दादा पायरीवर बसून चेन पुसत होता.

"पोचलीस वर?" त्याने विचारले. "चढावर मागचं चाक घसरलं का? पकड कशी होती टायरची?"

"लक्ष नव्हतं माझं."

"मग लक्ष कुठे होतं?"

"सारखं मागे वळून बघत होते," ती म्हणाली आणि आत बॅग भरायला गेली.

ती गेली. दादाची सायकल त्यानंतर थोड्याच दिवसांत पूर्णपणे त्याच्या मनासारखी झाली. सीट, हँडल, पेडल, टायर, सगळे एकमेकांना साजेसे. गटात तिचा फोटो विक्रमी पसंतीस उतरला आणि आता सल्ला घ्यायला लोक लांबून लांबून आमच्याकडे येतात. दादा त्यांना गतिरोधकापर्यंत फिरवून आणतो. मग ती मंडळी गेली की एकटाच पायरीवर बसतो आणि ब्रेक दाबत राहतो, सोडत राहतो. ब्रेक उत्तम आहे.

आपणही काही निवडत असाल, सायकलच असे नाही, तर अवश्य या. मात्र आपल्या घरात "आपण कधी जायचं?" असे विचारणारे कुणी असेल, तर त्यांना सोबत आणू नये, चाचणीत व्यत्यय येतो. त्यांना प्रेमाने सांगावे, सगळं मनासारखं झालं की जाऊ. त्यांना ते पटते. पुढे पुढे ते विचारायचेही बंद करतात, आणि मग निवडीसाठी लागते तशी शांतता घरात आपोआप मिळते. आपल्या घरात ती मिळू लागली असेल, तर तयारी योग्य दिशेने चालू आहे असे समजावे.