व्याह्यांना हवा लागू नये म्हणून

सांताक्रूझच्या सपाटीवरचा माणूस ला पाझला आला की त्याला सोरोजची, म्हणजे उंचीची बाधा, लागणारच, याबद्दल बासिलिओ चुकिमियाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. विरळ हवेने डोकं धरतं, पोट ढवळतं आणि धट्टाकट्टा गडी दुसऱ्या जिन्यावर ओकतो, हे टोप्यांच्या दुकानात बसून त्याने जन्मभर पाहिलं होतं. शेजारच्या काल्लिसायाचे होणारे व्याही तर गेल्या वर्षी मागणी घालायला आले आणि सूपच्या वाडग्यात तोंड बुडवून बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विषप्रयोगाचा आळ घेतला आणि सोयरीक मोडली.

आता बासिलिओच्या मुलीला, विल्माला, मागणी घालायला डॉन रोमुलो जुस्तिनियानो येत होते. माणूस गुरांचा मोठा मालक, आवाज बैलांना हाकायचा आणि पोट बैलांशी स्पर्धा करणारं. मुलगा एर्विन गुणी होता, विल्माचा जीव त्याच्यावर जडला होता. घोडं अडलं होतं ते त्याच्या बापाच्या फुफ्फुसांपाशी.

"थोडं खायचं, हळू चालायचं, एकट्याने झोपायचं," बासिलिओने बायकोला बजावलं. "पाहुणे आहेत तोवर यातलं एकही मोडता कामा नये."

"तिसरं त्यांना सांगणार कोण?" नातिविदादने विचारलं.

"तू विहीणबाईंच्या कानात सांग."

"मी बरी सांगेन. अहो, नवराबायको आहेत ती."

शेवटी बासिलिओने न बोलताच एक गादी माडीवर आणि दुसरी टोप्यांच्या कोठीत घातली.

पाहुणे आले. डॉन रोमुलोंनी "अहो व्याही, आम्ही येताना..." असं म्हणायला तोंड उघडलं, तोच बासिलिओने त्यात कोकाच्या पानांचा गरम चहा ओतला. "बोलू नका. बोलण्यात दम जातो." मग जेवणाची पानं मांडली. वाडग्यात नितळ सूप होतं आणि तळाशी बटाट्याची एकुलती एक फोड.

"सूप झकास आहे," डॉन रोमुलो म्हणाले. "जेवण कधी?"

"हेच जेवण."

डॉन रोमुलोंनी फोडीकडे बराच वेळ पाहिलं. "आमच्याकडे वासराला जुलाब लागले की असं देतात."

पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून बासिलिओने स्वतः तेवढंही खाल्लं नाही. रात्री तो कोठीच्या दाराला कान लावून बसला. आत घोरणं चाललं होतं तोवर ठीक, पण ते मध्येच थांबलं की याच्या काळजाचा ठोका चुकायचा. सकाळी त्याचे डोळे खोल गेले होते. विहीणबाई डोन्या नेल्वा मात्र माडीवरून टवटवीत होऊन उतरल्या. लग्न झाल्यापासून इतकी शांत झोप लागली नव्हती, असं त्यांनी नातिविदादला हळूच सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही सूपच. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या वरच्या टोकाला कोणीतरी डुकराचं मांस तळायला घेतलं. वास खाली आला आणि डॉन रोमुलो वासाच्या दिशेने निघाले. गल्ली कसली, सगळा पायऱ्यांचा चढच होता. बासिलिओ एका बगलेत ऑक्सिजनची नळकांडी आणि दुसऱ्या बगलेत चहाचा थर्मास घेऊन मागे धावला.

"व्याही, हळू चाला. मराल."

"हळू गेलो तर संपेल ते."

अर्ध्या चढावर बासिलिओच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पोटात अन्न नाही, डोळ्याला झोप नाही. तो आधी टेकला आणि मग थर्मास पोटाशी धरून पायरीवर सपशेल आडवा झाला. डॉन रोमुलो मागे वळले, चार पायऱ्या उतरले आणि त्यांनी ऑक्सिजनचा मुखवटा बासिलिओच्याच नाकावर बसवला.

नेमकी तेवढ्यात पाव विकणारी सेराफिना तिथे उगवली. "हे काय? बासिलिओला सोरोजची? ला पाझच्या माणसाला?"

बाजूच्या दोन खिडक्या उघडल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बासिलिओला झालं. सेराफिनाला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत बाजाराला कळणार. डॉन रोमुलोंनी त्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, शांतपणे मुखवटा काढला आणि स्वतःच्या नाकाला लावला.

"लागलीय मला," ते आतून म्हणाले. "कसं आडवं व्हायचं, ते हे मला दाखवतायत."

मग काय, अख्खी गल्ली मदतीला धावली. चौघांनी डॉन रोमुलोंना उचलून घरी आणलं. कपाळावर ओली पट्टी, अंगावर तीन घोंगड्या आणि समोर सूप. या वेळी फोडही नव्हती. उलट, पाहुण्याचा जीव वाचवणाऱ्या बासिलिओसाठी लोकांनी ताटभर तळलेलं मांस आणून दिलं. तो ते खात होता आणि डॉन रोमुलो घोंगडीतून प्रत्येक घास डोळ्यांनी मोजत होते.

मागणीचा विधी त्या खाटेभोवतीच उरकायचं ठरलं. दोन्ही घरची माणसं आणि शेजारी जमले. पण बासिलिओला घास गोड लागेना. तो उठून उभा राहिला.

"मला खरं सांगायचंय. चक्कर यांना आली नव्हती, मला आली होती."

मग काल्लिसायाने डोळे पुसले. "याला म्हणतात पाहुणचार. व्याह्याची लाज राखायला माणूस स्वतःचं नाव पुढे करतोय."

"अहो, पटवा त्यांना," डॉन रोमुलो खालून कुजबुजले. "मला भूक लागलीय. आणि आम्ही विमानाने आलोच नाही. कोचाबांबाला मेव्हणीकडे आठवडाभर राहिलो, मधल्या उंचीची सवय केली, मग बसने वर आलो."

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"तोंड उघडलं की तुम्ही चहा ओतत होता."

बासिलिओ पुन्हा बोलणार, इतक्यात डोन्या नेल्वा पुढे आल्या आणि त्यांनी नवऱ्याची घोंगडी गळ्यापर्यंत ओढली.

"पडून राहा," त्या हळूच म्हणाल्या. "तू धडधाकट असलास की लग्न तुझ्याच गोठ्यात करायचं म्हणून भांडत बसतोस. आम्ही दोघी तारीख, जागा, बँड सगळं ठरवतो. तोवर तू आजारी आहेस."

"असं कसं?" बासिलिओ म्हणाला. "बँड तर मी..."

"तुम्हाला चक्कर आली होती ना?" नातिविदादने विचारलं. "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर."

आणि ती खाटेशेजारी नवऱ्यासाठी दुसरी गादी घालायला लागली.