घाटाचे चौकीचा शब्द सुबराव शेणवी यांणीं निवडिला ती हकीकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष. शके सतराशें बत्तीस, प्रमोदनाम संवत्सर, भाद्रपदमासीं एका राज्यांत जें वर्तमान घडलें तें धनी यांचे आज्ञेवरून, ऐकिलें तैसें लिहिलें असे. राज्याचें नांव पुसों नये.

राज्याचे सरहद्दीस एक घाट होता आणि घाटाचे चौकीस डोंगरकोळी पिढीजात उभे राहात, म्हणोन वाटसरू सुखरूप जात. तों टोपीकरांचा वकील हुजूर येऊन बोलिला कीं, चौकी सदा उभी राहील ऐसे हमीचा कागद इंग्रजींत लिहून द्यावा, आणि मोघम लिहाल तर दसरा होतांच आमची पलटण घाटांत बसेल. महाराज चिंतावले, आणि मग सुबराव शेणवी दुभाषी यांस पाचारण जाहालें. शेणवीबावा मुंबईस सात वर्षें राहून ती भाषा शिकलेले, अंगानें सुकडे, दहा पायऱ्या चढतां दम लागे, परंतु शब्दाचे बाबतींत हट्टी ऐसे कीं एका शब्दापायीं पुढ्यांतलें ताट निवोन जाई. त्यांणीं अर्ज केला कीं, त्या भाषेंत कर्तव्यास शब्द पुष्कळ आणि सारे तोंडावळ्यानें भाऊबंद. मस्ट म्हणजे धन्याचा हुकूम, शुड म्हणजे केलें तर बरें, आणि ऑट म्हणजे मनास टोचणी, तरी विचारास तीन दिवस द्यावे. दिवाण भिकाजीपंत घाईचे गृहस्थ. ते म्हणाले, शुड लिहून मोकळे व्हा, मऊ शब्द आहे, अंगाशीं आलें तर सुटतां येईल. शेणवीबावा म्हणाले, ज्या फटींतून आपण सुटूं तिच्यांतूनच पलटण आंत येईल. दिवाणजी म्हणाले, तर मग मस्ट लिहा. शेणवीबावा म्हणाले, हुकूम कोणाचा म्हणोन वकील पुसेल, तेथें स्वतःचेंच नांव घालील, आणि आपले कोळी त्याचे चाकर होतील. दिवाणजी रागें भरोन उठोन गेले, आणि शेणवीबावा दौत-कलम घेऊन, वाटेंत सतरा वेळां बसत, पायींच घाट चढले.

चौकीवर लुमाजी नाईक म्हणोन कोळ्यांचा मुख्य होता. त्यास पुसिलें कीं, येथें कोणाचे हुकुमानें उभे राहतां ? नाईक बोलिला, “हुकूम कुनाचा न्हाई, बावा. दसऱ्याला देवीम्होरं पानाचा इडा ठिवत्यात. ज्यो उचलंल त्यो वरीसभर हुबा ऱ्हातो. न उचलनाऱ्याला कुनी बोल लावत न्हाई. पर उचलला का मंग त्या वरसात मेल्याबिगर सुटका न्हाई.” हें ऐकोन शेणवीबावांचे डोळे भरले, आणि तेथेंच मांडीवर कागद घेऊन त्यांणीं अंडरटेक ऐसा शब्द लिहिला, म्हणजे कोणी लादिलें नाहीं, आम्हीं आपले हातें उचलिलें.

चौथे दिवशीं वकिलानें कागद वाचिला, मान हालविली, आणि मग म्हणाला कीं शब्द पक्का आहे, परंतु कागदास हात नसतात आणि तुमचे नाईकास मी ओळखत नाहीं. लिहिणारास ओळखतों, तो उभा राहात असेल तर पलटण येणार नाहीं. सारा दरबार शेणवीबावांचे काडीसारख्या पायांकडे पाहूं लागला. महाराजांस वाईट वाटलें, आणि म्हणाले कीं आम्ही दुसरा धट्टाकट्टा मनुष्य देतों. शेणवीबावांस भय वाटलें नाहीं ऐसें नाहीं, परंतु ते हात जोडोन बोलिले, “महाराज, शब्द म्यां निवडिला. तो दुसऱ्याचे तोंडीं कसा घालूं ?” मग दसऱ्यास त्यांणीं लुमाजी नाईकाचे मागोमाग देवीपुढील विडा उचलिला आणि ऊन, पाऊस, थंडी सोसोन वर्षभर उभे राहिले. पुढील दसऱ्यास महाराजांनीं त्यांस आणावयास पालखी धाडिली. शेणवीबावांनीं पालखी परत फिरविली आणि विडा पुन्हां उचलिला.

सारांश, पलटण घाटांत बसली नाहीं. शेणवीबावांनीं नऊ दसरे विडा उचलिला, आणि दहावे दसऱ्यास ते राहिले नव्हते. तेव्हां कोळ्यांनीं त्यांचे नांवाचा विडा देवीपुढें ठेविला, तो दिवाण भिकाजीपंत यांणीं उचलिला.