डाव्या सीटसमोरचे पाच काटे

आमच्या गल्लीत एक गाडी आहे. तिच्यात ड्रायव्हरसमोर एकही काटा नाही. स्टिअरिंगच्या पुढं नुसता काळा फायबर आणि त्यावर चिकटवलेलं उदबत्तीचं घर. पाण्याचा ताप, ऑइलचा दाब, बॅटरी, पेट्रोल आणि इंजिनाचे फेरे, असे पाचही काटे डाव्या सीटसमोर ओळीनं बसवलेत. म्हणजे गाडी चालवणाऱ्याला गाडीची काडीची खबर नाही आणि शेजारी बसलेल्याला सगळी.

ही गाडी माझे शेजारी काशिनाथअप्पा यांनी स्वतःच्या हातानं बांधली. गल्लीचं म्हणणं असं की नकाशा परदेशी होता, तिकडं स्टिअरिंग डावीकडं असतं, अप्पांनी ते तेवढं उजवीकडं आणलं आणि काटे बिचारे तिकडंच राहिले. खरं सांगायचं तर हे म्हणणं गल्लीत मीच पसरवलं. नकाशा वाचून दाखवणारा मी, त्यामुळं लोक मलाच विचारायचे आणि काहीतरी उत्तर देणं भाग होतं. अप्पांच्या कानावर गेलं तर ते म्हणायचे, "आसंल."

मी बीडमध्ये एका क्लासात फिजिक्स शिकवतो. आठवड्याचे सहा दिवस, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना करंट कुठून कुठं जातो ते सांगून सांगून माझाच करंट जातो. रविवारी मला फक्त आडवं पडायचं असतं. दीड वर्षापूर्वी या गल्लीत राहायला आलो तेव्हा ही एवढीच अपेक्षा होती.

पहिल्याच महिन्यात अप्पांच्या दारात ट्रक थांबला आणि तीन खोकी उतरली. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगात बनियन, मुठीत इंग्रजी कागदांचा गठ्ठा, अशा अवतारात अप्पा माझ्या दारात आले. "सर, येवढं वाचून दावता का?" मी वाचून दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोक्यांत गाडीचं फायबरचं अंग होतं. इंजिन शाळेच्या एका म्हाताऱ्या व्हॅनचं, चासी एका जीपची. पासिंगचं काय झालं ते मला विचारू नका. मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

त्या दिवसापासून माझे रविवार गेले. सकाळी आठला भिंतीवर टकटक व्हायची. मी जाऊन डाव्या सीटवर बसायचं, अप्पा बॉनेटमध्ये डोकं घालायचे आणि आतून आवाज यायचा, "काटा काय म्हनतो?"

हा त्यांचा पेटंट प्रश्न. रस्त्यात भेटले तरी नमस्काराला जोडूनच, "शरणार्थ, काटा कुठं हाय?" असं विचारायचे. माणूस उत्तर काय देणार? मला एकदा ताप आला होता. अप्पा भेटायला आले, औषध विचारलं नाही, डॉक्टर विचारला नाही, फक्त काटा विचारला.

काटा वाचायचेही नियम होते. मी बापडा डिग्रीत सांगायचो. ते चालायचं नाही. त्यांनी प्रत्येक मीटरच्या काचेवर रंगीत पट्ट्या चिकटवून पाच घरं पाडली होती आणि मी फक्त घर सांगायचं. तेही तोंडानं नाही, बोटांनी. आणि बोटं डाव्या हाताची. उजवा हात वर केला की अप्पा शाळामास्तरासारखे बघायचे. एम.एस्सी. झालेला माणूस, आणि रविवारी सकाळी गल्लीच्या देखत डाव्या हाताची तीन बोटं वर करून बसलाय. माझी बायको खिडकीतून बघून आत जायची, पण तिचं हसणं ऐकू यायचं.

अप्पांचा मूळ धंदा मोटारपंपाचा. आयुष्य बोअरच्या पाइपांत गेलं. त्यामुळं त्यांचा हात आट्यांवर, म्हणजे पाइपाच्या पेचांवर, फार नाजूक चालायचा. कुठलाही जोड दिसला की खिशातून टेफलॉनची पांढरी टेप निघायची आणि मोजून सात येढे पडायचे. मोठ्यानं मोजत. "माझा जोड गळत न्हाई," हे त्यांचं दुसरं वाक्य. माझ्या मोरीचा नळ, समोरच्यांचा कूलर, देवळातली टाकी, सगळीकडं त्यांचे सात येढे आहेत. एका लग्नात ते जेवणाच्या पंगतीतून उठले आणि पाण्याच्या ड्रमची तोटी काढून टेप लावून परत येऊन बसले. नवरामुलगा कोण होता ते त्यांना आजही माहीत नसेल.

पण पाण्याचा माणूस विजेत शिरला की घोळ होतात. सगळ्या काळ्या तारा त्यांनी मोठ्या प्रेमानं गाडीच्या अंगाला स्क्रूनं आवळल्या. अंग फायबरचं. फायबरातून कसली अर्थिंग मिळणार? एकही काटा हलला नाही आणि मी, करंटचा मास्तर, शेजारी बसून चहा पीत होतो. दोन रविवारांनी कळलं. मग पेट्रोलचा काटा उलटा निघाला. टाकी भरली की रिकामी दाखवायचा, रिकामी झाली की भरलेली. अप्पा म्हणाले, राहू द्या, आपण उलटं वाचू. ते मात्र मी हट्टानं बदलून घेतलं.

एवढी घाई कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. अप्पांना बायकोला, महानंदाकाकूंना, घेऊन कपिलधारच्या धबधब्याला, तिथल्या देवस्थानाला जायचं होतं, धार पडतीय तोवर. पावसाळा सरला की धार बारीक होत जाते, मग नुसता ओला कडा. काकूंना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. मी त्यांना पाहिलं ते पडद्याच्या फटीतून, कधी नुसता हात, कधी नुसती पाटी. पाटीवर त्या डाव्या हातानं लिहायच्या. पुतण्यानं गाडी आणली होती, भाच्यानं आणली होती. काकूंनी दोघांनाही पाटी दाखवली. दोनच शब्द होते, 'सामान नाही'. उचलून ठेवायला आणि उचलून काढायला मी सामान नाही, असा अर्थ. अप्पांनी हे मला सांगितलं तेव्हा ते तारा सोलत होते आणि त्यांनी मान वर केली नाही.

मला वाटलं, म्हणून यांनी बुटकी गाडी बांधली, चढायला सोपी. बरोबर आहे, म्हटलं. आणि शहाणपणा करायला गेलो. क्लासाजवळच्या दुकानातून एक बझर आणला. पाणी तापलं की आपोआप वाजेल, काटा बघत बसायला नको. अप्पांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"नको."

"कावून नको?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"ह्यो वाजाया लागला तर मानूस कशाला लागतंय?" एवढं बोलून ते घरात गेले. आठवडाभर त्यांनी मला काटासुद्धा विचारला नाही. मी रागावलो. फुकट राबायचं आणि वर हे. कानाला खडा लावला. पुढच्या रविवारी टकटक झाली आणि मी गेलो. जित्याची खोड.

भाद्रपदात गाडी रस्त्यावर आली. पहिली फेरी मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत, मी डाव्या सीटवर. गाडी छान पळाली. अप्पा दर दोन मिनिटांनी विचारायचे आणि मी दर दोन मिनिटांनी एक बोट दाखवायचो, कारण पाण्याचा काटा पहिल्या घरातून हलतच नव्हता. थंड इंजिन, म्हटलं, उत्तम. घाटाच्या दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली. काटा पहिल्याच घरात. इंजिन उकळत होतं आणि मी एक बोट वर करून बसलो होतो.

ट्रॅक्टरनं ओढत परत आणली. दारात उतरल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, की काटा खोटा निघाला तर ती कशावर भरवसा ठेवणार? ती म्हणजे गाडी असावी असं मी समजलो.

पुढचे तीन रविवार आम्ही तो दोष शोधला. सेन्सर काढून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरला, काळी तार त्याच्या अंगाला लावली, की काटा सरसर पाचव्या घरात. स्वयंपाकघरातच हा प्रयोग चालायचा, काकू पडद्यामागून बघायच्या. तोच सेन्सर इंजिनात बसवला की मेला. अप्पांनी दुसरा सेन्सर आणला, तिसरा आणला. मीटर बदललं. मला दोनदा सुनावलं, की तुमी नीट बघत न्हाई. मीही वैतागून म्हणालो, की ड्रायव्हरसमोर बसवा म्हणजे तुम्हीच बघाल. त्यावर ते परत तारा तपासायला लागले आणि मला उगाच बोललो असं झालं. दरम्यान कपिलधारहून आलेला एक जण सांगून गेला, की धार आता मनगटाएवढी राहिलीय.

तिसऱ्या रविवारी अप्पांनी सेन्सर पुन्हा काढला आणि दारातल्या ओट्यावर टाकला. ते पायरीवर बसले. म्हणाले, "सर, विकून टाकतो." मीही थकलो होतो. खरं सांगायचं तर, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आज त्याची लाज वाटते.

तेवढ्यात मागं काठीचा आवाज झाला. पडदा सरला आणि काकू उंबऱ्यात आल्या. मी त्यांना पूर्ण अशा पहिल्यांदाच पाहत होतो. उंच बाई, एका बाजूला कललेल्या. एक पाय ओढत त्यांनी उंबरा ओलांडला. अप्पा उठायला लागले तर त्यांनी काठीनं त्यांना बसवलं. ओट्यावर टेकल्या, डाव्या हातात सेन्सर घेतला, मांडीत दाबून धरला आणि त्याच्या आट्यांवरची पांढरी टेप नखानं खरवडून काढायला लागल्या. एक येढा, दुसरा, तिसरा. सातही येढे काढले, टेपेची गुंडाळी अप्पांच्या मांडीवर टाकली आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या.

मला कळायला वेळ लागला. त्या सेन्सरला एकच तार असते. त्याची अर्थिंग त्याच्या आट्यांतून इंजिनाला मिळते. पातेल्यात काळी तार थेट त्याच्या उघड्या अंगाला लागायची म्हणून चालायचा. इंजिनात बसवताना अप्पांचा हात सवयीनं सात येढे मारायचा, आणि करंटची वाटच बंद. माझा जोड गळत न्हाई. पाणी गळलं नाही, करंटही नाही. वीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला जे दिसलं नाही, ते पडद्यामागून बघणाऱ्या बाईला दिसलं होतं.

अप्पांनी टेपेविना, तांब्याचं वायसर घालून सेन्सर बसवला. आयुष्यात पहिल्यांदा टेपेविना जोड आवळताना त्यांचा हात दोनदा टेपेच्या खिशाकडं गेला. इंजिन सुरू केलं. मी सवयीनं डाव्या सीटकडं निघालो.

"सर, तुमी राहू द्या," अप्पा म्हणाले.

काकू काठी टेकत गाडीपर्यंत आल्या. कुणी उचललं नाही. दार धरून, बूड टेकवून, मग आजारी पाय हातानं आत घेऊन त्या बसल्या. समोर पाच काटे. अप्पा बॉनेटपाशी गेले आणि त्यांनी डोकं आत घातलं. मग आतून आवाज आला, "काटा काय म्हनतो?"

काकूंनी डावा हात वर केला. एक बोट. थोड्या वेळानं दोन. मग तीन, आणि तीनवरच राहिला.

अप्पा हात पुसत माझ्याजवळ आले. "आमचं दुकान हुतं तवा," ते हळू आवाजात म्हणाले, "मी पंपाला कान लावून बसायचो आन ही मीटरच्या बोर्डापाशी. तीस वर्सं काटा हिनंच वाचला. हिचं अंग गेलं, मी दुकान बंद केलं. म्हनली सामान हून येनार न्हाई. मंग म्हनलं, हिच्याबिगर चालनारच न्हाई आशी गाडी करू."

दीड वर्ष मी ज्या सीटवर वैतागून बसलो होतो ती माझी नव्हतीच. पाच घरं, बोटं, डावा हात, सगळं एका माणसाच्या मापानं बेतलेलं होतं आणि मी नुसता ट्रायलला होतो. शिवाय परदेशी नकाशाची गोष्ट गल्लीभर मीच सांगत फिरलो होतो.

पुढच्याच रविवारी ते कपिलधारला निघाले. मी फाटकाशी उभा होतो, आठ वाजता, कुणी टकटक न करता उठून. काकूंनी नवी साडी नेसली होती. गाडी सुरू झाली आणि पिठाच्या गिरणीपर्यंतही गेली नसेल. इंजिन अजून गार होतं, काटा जागचा हललाही नसणार, हे मला माहीत होतं आणि अप्पांनाही माहीत होतं.

तरी त्यांनी विचारलं. मला इथपर्यंत ऐकू आलं. आणि डाव्या खिडकीत एक बोट वर झालं.