सदर बाबा

समजा हं, तुम्हाला संगणकावर वडिलांविषयी निबंध लिहायचाय आणि शेवटचा काना दर वेळी बोटांतून निसटतोय. पानभर नुसतं 'माझे बाब', 'माझे बाब'. बाईंनी अकरा ठिकाणी लाल गोल केलेत. तुम्ही काय कराल? काना द्यायला शिकाल. या गोष्टीतल्या मुलीने तेवढं सोडून बाकी सगळं केलं.

घरात तिला शेंडेफळ म्हणत. ती पाचवीत होती. ज्या प्रोग्राममध्ये ती लिहायची, तो शेकडो लोकांनी मिळून बनवलेला होता. तो फुकट होता आणि आतून कसा चालतो हेही कोणालाही बघता यायचं. परीक्षेत उत्तरपत्रिकेला आपण पुरवणी जोडतो ना, तशी त्याला कोणीही स्वतः केलेली पुरवणी जोडू शके. ती सगळ्यांच्या सामायिक मांडणीवर ठेवायची. ज्याला हवी त्याने घ्यायची. नियम एकच. कोणी तक्रार केली आणि करणाऱ्याने आठ दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर पुरवणी मांडणीवरून खाली.

शेंडेफळाने आठवडाभर खपून पुरवणी केली. 'बाब' दिसलं की त्याचं 'बाबा' करायचं, बस. दूरच्या गावातल्या एक दंतवैद्य काकू रिकाम्या वेळात अशा पुरवण्या तपासत. त्यांनी 'माझे बाब' लिहून पाहिलं, 'माझे बाबा' झालं. काकूंनी पुरवणी मांडणीवर ठेवली.

ती पहिल्यांदा घेतली खुद्द बाबांनी. ते एका कार्यालयात कारकून होते. लेकीचं कौतुक म्हणून त्यांनी ती तिथल्या सातही संगणकांवर बसवली. आता कार्यालयात 'बाब' या शब्दावाचून पान हलत नाही, हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? पण कौतुक करताना माणूस कामाचा विचार करत नाही.

चौथ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावलं. मुख्य कार्यालयाला गेलेल्या पत्राची प्रत साहेबांच्या हातात होती.

"हे सदर बाबा कोण?"

"सर, ती बाब आहे."

"बाब आहे, तर बाबा कशी झाली?"

"मुलीने केली."

साहेबांनी पत्र मोठ्याने वाचलं. "'लिफ्टच्या दुरुस्तीत दोन वर्षे अडकून पडलेली सदर बाबा आता फार जुनी झाली असून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ती तातडीने निकाली काढावी.' अहो, माझी सही आहे याखाली. तक्रार करा."

"कोणाकडे सर?"

"जिने केलं तिच्याकडे."

"ती पाचवीत आहे सर."

"मग सोप्या भाषेत करा."

बाबांनी तक्रार केली. पण केली कार्यालयातल्याच संगणकावरून. संध्याकाळी शेंडेफळाने ती वाचली: 'महोदया, आपली पुरवणी वापरल्याने गंभीर बाबा उद्भवली आहे. तरी सदर बाबा सुधारावी.'

"बाबा, तुम्ही माझी तक्रार केलीत?" तिने स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं.

"ऑफिसने केली," बाबा भाजी चिरता चिरता म्हणाले.

"खाली तुमचं नाव आहे."

"टाइप मी केली."

"आणि आठ दिवसांत जमलं नाही तर? काढून टाकतील ती."

"त्यात साक्षात दोन 'बाबा' आहेत, ते दिसलं का तुला? आधी जेव, मग बसू दोघं."

आई म्हणाली, "काना द्यायला शिकली असतीस, तर आत्तापर्यंत जेवणं झाली असती."

बाबांनी कार्यालयातली जुनी पत्रं आठवून आठवून सांगितली आणि शेंडेफळाने यादी केली. मागे 'ही', 'सदर', 'गंभीर', 'खर्चाची' यांपैकी काही असेल, तर 'बाब'ला हात लावायचा नाही. सहाव्या दिवशी काकूंनी नवी पुरवणी मांडणीवर ठेवली. शेंडेफळाचा जीव भांड्यात पडला.

सातव्या दिवशी मुख्य कार्यालयातून तीन मिस्त्री, एक डॉक्टर आणि एक स्ट्रेचर आलं.

"बाबा कोणत्या मजल्यावर अडकलेत?" डॉक्टरांनी विचारलं.

लिफ्ट दुरुस्त केल्याशिवाय तिचं दार उघडेना, म्हणून मिस्त्र्यांनी आधी ती दुरुस्त केली. आत एक बादली निघाली. डॉक्टरांनी तीही नीट तपासली आणि पोच घेऊन सगळे गेले. गेल्या दोन वर्षांत याच विषयावर चाळीस पत्रं गेली होती. त्यांना साधी पोचही आली नव्हती.

साहेब लिफ्टने खाली गेले, वर आले आणि त्यांनी बाबांना बोलावलं.

संध्याकाळी मांडणीवर दुसरी तक्रार होती: 'महोदया, नव्या सुधारणेमुळे आमच्या पत्रांचा प्रभाव ओसरण्याची भीती आहे. जुनी पुरवणी परत मिळावी. छताचा पंखा तीन वर्षे बंद आहे, ही बाब कृपया लक्षात घ्यावी.' खाली नाव बाबांचंच होतं.

म्हणजे पुन्हा आठ दिवस. जुनी ठेवावी तर निबंध लिहिणाऱ्या पोरांनाच ती बरी, नवी ठेवावी तर साहेब नाराज. शेंडेफळाने पेन्सिल चावत बराच वेळ विचार केला. मग तिने पुरवणीत एक छोटी चौकट वाढवली आणि तिच्यापुढे लिहिलं: 'पत्राचं उत्तर हवं असल्यास इथे खूण करा.'