विनापरवाना फुंकर

'टुक्' असा आवाज करून एसी बंद पडला आणि लेकीला झोपवून मिळवलेली माझी शांतता तिथेच संपली. हवा सर्वांची असते. ती गार किंवा गरम करण्याचा अधिकार मात्र परवानाधारकाचाच असतो. हे सत्य मला तत्क्षणी पटलं, कारण एसी दुरुस्त करणारा माझा सख्खा भाऊ समोरच हाताची घडी घालून बसला होता.

"अरे, बघ ना जरा."

"नाही ताई. परवाना मिळेपर्यंत पान्याकडे बघायचंसुद्धा नाही. साहेब आज घर बघायला येतायत. ते 'चालेल' म्हणाले, की माझं स्वतःचं दुकान!"

(आजवर तो दुसऱ्याच्या दुकानात राबून लोकांची घरं गार करत आला. घाम याचा, पाटी त्याची.)

नियम मोठे विचारपूर्वक केलेले आहेत. गार करण्याचा परवाना वेगळा, गरम करण्याचा वेगळा. हवा कोमट ठेवायची तर दोन्ही हवेत. (पंखा हवा नुसती हलवतो. त्यावर समिती बसली आहे, पंखा लावून.) अर्जदार थंड डोक्याचा असावा. तसा दाखला लागतो, आणि तो देणारा कारकून कायम जेवायला गेलेला असतो. साहेबांचा खिसा गरम करणं हे तापनकार्यात मोडतं, त्यामुळे तेही परवान्याशिवाय करता येत नाही, असं भावाला कळवण्यात आलं. खेदाने. शिवाय अर्जदाराच्या घरात कोणी चोरून गारवा करत नाही ना, हे साहेब जातीने पाहतात.

साहेब आले आणि घामाने निथळले. "एसी बंद? वा! नियमांचं पालन दिसतंय." मग स्वतःच्या चहावर फुंकर मारत ते बसले.

उकाड्याने जागी झालेली लेक दुधाचा पेला घेऊन आली. "आई, हाऽ आहे."

मी सवयीने फुंकर मारली. साहेबांचं पेन वर आलं.

"बाई, हे काय?"

"फुंकर. तुम्ही नाही का आत्ता मारलीत?"

"मी माझ्या चहावर मारली. तो घरगुती वापर. दुसऱ्याच्या दुधावर मारली, की ती सेवा. सेवेला परवाना लागतो."

"अहो साहेब, आई आहे ती तिची!" भाऊ कळवळला.

"आई ही शैक्षणिक पात्रता नव्हे. या खेपेला सोडतो. पुन्हा दिसलं, तर अर्ज रद्द."

खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं कुठे? उठसूट प्रत्येक आई मनाला येईल तशी फुंकर मारायला लागली, तर तापमानाला काही धरबंध? तुमच्याही लहानपणी हा प्रकार सर्रास चाललेला असणार. तेव्हा हसू नका; लाभार्थी तुम्हीही आहात. (वसुली मागील तारखेपासून होऊ शकते.)

अखेर साहेबांनी 'चालेल' लिहायला पेन टेकवलं. 'चा' झाला. तेवढ्यात मामाने उघडलेल्या पुड्यातला पेढा मागायला धावलेली लेक सतरंजीत पाय अडकून धाडकन पडली. गुडघा सोलवटला.

भाऊ माझ्याकडे बघू लागला. साहेबही. पेन थांबलं.

लेकीने लंगडत येऊन गुडघा माझ्या तोंडासमोर धरला. ओठ काढून म्हणाली, "आई, फू का नाही करत?"

माझे गाल आधीच फुगले होते.