पत्ता फक्त मलाच ठाऊक

बायकोच्या शिवणवर्गाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर मीच हलवतो, असं मी बोलून गेलो. एकवीस वर्षं टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी केलेला माणूस मी, पत्त्यातलं मला कोण शिकवणार? (हा प्रश्न बायकोने मला नंतर दोनदा परत केला.)

रविवारी दहाला प्रवेश सुरू होणार होते. यंदा दहा जणी जमल्या नाहीत तर वर्ग कायमचा बंद, असं तिने ठरवलं होतं.

मी आठवडाभर वाचत बसलो. प्रकरण भलतंच मजेशीर निघालं. वेबसाइटचं नाव आपल्या सोयीसाठी. यंत्राला लागतो नंबर. मग आपला कॉम्प्युटर विचारत सुटतो. पहिला सर्व्हर म्हणतो, मला माहीत नाही, डॉट कॉमवाल्यांना विचार. ते म्हणतात, अमक्याच्या नोंदवहीत बघ. तिथे नंबर सापडतो, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. आमच्या कचेरीत तेवढ्या वेळात चष्माही सापडत नाही.

नवी साइट आधी गुपचूप तपासावी म्हणून मी माझ्याच कॉम्प्युटरच्या एका फाइलमध्ये नाव आणि नवा नंबर लिहून ठेवला. साइट झोकात उघडली. त्या आनंदात मी जुना सर्व्हर बंदच करून टाकला.

रविवारी सव्वादहाला मेहुणीचा फोन आला, साइट उघडत नाही. तुमच्या फोनमध्ये दोष असेल, माझ्या कॉम्प्युटरवर तर उघडतेय, मी ओरडून सांगितलं. मग सासूबाईंच्या फोनमध्ये दोष निघाला, मग शेजाऱ्यांच्या. साडेदहाला बायकोने स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. तोही कोरा. मी मुकाट्याने सर्व्हरवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"नवा नंबर नोंदवहीत बदललात ना?" तिकडच्या बाईंनी विचारलं.

"लिहिलाय की. माझ्या कॉम्प्युटरमध्ये."

"मग तो जगात फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, काका."

नोंद लगेच बदलली, पण ती सगळीकडे पोचायला अख्खा दिवस लागू शकतो म्हणे. बायको शिवणयंत्रावर चादर घालू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रवेशासाठी आलेल्या बारा बायका उभ्या. साइट उघडेना, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं होतं. त्याने इस्त्रीवाल्याकडे पाठवलं, इस्त्रीवाल्याने आमच्या वॉचमनकडे.

"अगदी हीच पद्धत," मी हरखून म्हणालो. "आणि वॉचमनने घराचा नंबर सांगितला ना?"

"नंबर नाही सांगितला," पुढच्या बाई म्हणाल्या. "म्हणाला, ज्या घरातून एक गृहस्थ सकाळपासून 'मला तर दिसतंय' म्हणून ओरडतायत, तेच."